टाकीला लावलेलं विरजण

आधी चहा घ्या, आणि हसायचं असेल तर माझ्यासमोरच हसा. मागून हसलेलं मला बरोबर कळतं आणि मग मला लय राग येतो. आता जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू काही शिल्लक राहत नाही. पण जिंतुरात ही गोष्ट इतक्या जणांनी आपापल्या परीनं सांगून झालीय, की म्हणलं, निदान खरी काय ती माझ्या तोंडून जाऊ द्या.

तर मला एक खोड आहे. मला काहीही समजावून सांगायला लावा, मी थेट स्वयंपाकघरात शिरते. वीज कशी वाहते, तर कढीपत्ता तेलात पडल्यावर जसा तडतडतो तशी. रक्तदाब म्हणजे काय, तर कुकरची शिट्टी. नवऱ्याला मी एकदा गाडीचा क्लच पोळपाट-लाटण्यावरून समजावून दिला होता, आणि माझा नवरा मेकॅनिक आहे. तो बिचारा ऐकून घेतो.

मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. नोकरी लागली ती जिंतूरच्या बाहेर, अप्पांच्या सूत रंगवायच्या कारखान्यात. अप्पा म्हणजे कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, तोंडात सदा 'शिव शिव'. इतका देवमाणूस, आणि त्याच्याच कारखान्याचं लाल पाणी एकदा पाईप फुटून ओढ्यात गेलं. ओढ्याच्या पलीकडं मैनाबाईंचा मेंढ्या-शेळ्यांचा वाडा. दुसऱ्या दिवशी मैनाबाई एक शेळी काखेत मारून कारखान्याच्या दारात उभ्या.

"अप्पा, ही माजी शेळी कालपोतर पांढरी होती."

शेळी गुडघ्यापर्यंत गुलाबी होती. अप्पा तिच्याकडं बघतच राहिले, आणि शेळी अप्पांकडं.

अप्पांनी त्याच दिवशी कारखाना बंद केला. रंगाच्या पाण्यासाठी मोठी टाकी बांधून घेतली. तिच्यातून बाहेर पडणारं पाणी प्रदूषण खात्याचे साहेब येऊन तपासणार, पास झालं तरच कारखाना सुरू. "एक बार बगू," अप्पा म्हणाले. "न्हाई जमलं तर जागा विकून टाकू. लोकांच्या ओढ्यात घाण सोडून मला पैसा नको." तोवर कामगार घरी. ते रोज सकाळी सवयीनं दारापर्यंत यायचे, कुलूप बघायचे, माझ्याकडं बघायचे आणि परत जायचे. ते माझ्याकडं बघणं मला सहन व्हायचं नाही हो. कारण पाणी साफ करायचं काम माझं होतं.

आणि टाकीवर लक्ष ठेवायला अप्पांनी कुणाला ठेवलं माहितंय? मैनाबाईंना. म्हणाले, जिची शेळी रंगली तिच्याएवढं लक्ष दुसरं कोण देणार. मला पटलं.

आता टाकीत काय होतं तेवढं ऐका, म्हणजे पुढचं कळेल. कारखान्यात साठून राहिलेलं रंगाचं पाणी टाकीत घ्यायचं आणि त्यात जिवाणू सोडायचे. डोळ्याला दिसत नाहीत, पण खाण्यात एकदम पटाईत. रंगातली रसायनं तोडतात, खातात, वाढतात. त्यांना फक्त हवा लागते. म्हणून टाकीच्या तळातून मशीननं सारखे बुडबुडे सोडायचे. मशीन बंद पडलं की जिवाणू गुदमरले आणि आपला कारभार आटोपला. माझ्या पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हवा, हवा आणि हवाच लिहिलेली. माझ्याही डोक्यात तीच होती, दुसरं काही नव्हतं.

पण हे जिवाणू आणायचे कुठून? रंग खायची सवय असलेलेच पाहिजेत. तर सोनपेठला अप्पांच्या नात्यातल्या एक अक्का आहेत. यजमान गेल्यापासून त्यांचा तसलाच रंगाचा कारखाना एकट्या चालवतात, आणि त्यांची टाकी जुनी, एकदम मुरलेली. मी फोन लावला.

"अक्का, तुमच्या टाकीतला गाळ पाहिजे होता."

"गाळ? घाण कामून नेता बाई एवढ्या लांबून?"

"घाण नाही हो. त्यात जिवाणू असतात."

"किडे?"

बघा, इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. अप्पांना फोन करायला लावला असता तर काम झालं असतं. पण नाही. मला सुचलं. आणि सुचलं की मला थांबवत नाही.

"अक्का, विरजण समजा. तुमच्याकडं दही हाय, आमच्याकडं नुसतं दूध. तुमच्यातलं थोडं आमच्यात घातलं की आमचं बी लागंल."

अक्कांचा आवाज एकदम मऊ झाला. "मंग तसं सांगा की आधी. विरजणाला कोण न्हाई म्हणतंय? या सकाळच्याला."

आमचे टँकरवाले रफीकभाई सकाळीच गेले आणि टँकर भरून गाळ घेऊन आले. अक्कांनी टँकरच्या नळाला हळदीकुंकू लावून पाठवलं होतं. गाळ टाकीत पडला, मशीन सुरू झालं, बुडबुडे आले. मग मी अप्पांना आणि मैनाबाईंना कट्ट्यावर बसवून तेच विरजण पुन्हा समजावलं. कसं थोडंसं घालायचं, कसं ते सगळ्या दुधात पसरतं, कसं त्याला वेळ द्यावा लागतो. दोघांचे चेहरे असे उजळले की मला वाटलं, मी चुकून इकडं आले, मी तर प्राध्यापकच व्हायला पाहिजे होतं.

"लागंल न मॅडम?" मैनाबाईंनी विचारलं.

"लागणारच. मशीन तेवढं बंद करू नका, आणि जीव लावून सांभाळा."

"तुमी बिनघोर जा."

मी बिनघोर गेले. राणीसावरगावला मावसबहिणीचा साखरपुडा होता. साहेब यायचे होते गुरुवारी. शनिवारी निघाले, सोमवारी सकाळच्या एसटीनं परत. दोन दिवस फोन केला नाही, कारण तिथं मी पाहुण्यांना जिवाणू समजावण्यात गुंतले होते. थंडी मरणाची. हे थंडीचं लक्षात ठेवा.

सोमवारी कारखान्याच्या दारात उतरले तर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. मग कळलं. आवाजच नाही. मशीनची घरघर बंद.

मी पळत आत गेले. टाकीवर ताडपत्री पांघरलेली. ताडपत्रीवर गोधड्या. गोधड्यांवर मेंढरांच्या लोकरीची घोंगडी. कडेनं विटा ठेवलेल्या, वारं शिरू नये म्हणून. आणि कट्ट्यावर मैनाबाई, पदर कानाला गुंडाळून, पहाऱ्याला बसलेल्या. शेजारी अप्पा डोळे मिटून जप करायलेत.

"मैनाबाई, मशीन—"

मैनाबाईंनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला. लागायलंय."

"काय लागायलंय?"

"दही," त्या कुजबुजल्या. "म्हंजी तुमचं ते."

मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? "मशीन कोणी बंद केलं?"

"मीच की. शनवारी, तुमी गेल्या गेल्या."

"अहो पण मी सांगितलं होतं ना, मशीन कधीच बंद करायचं नाही म्हणून?"

मैनाबाईंनी अप्पांकडं बघितलं, मला जरा बाजूला घेतलं आणि लय मायेनं म्हणाल्या, "हौ, तुमी म्हणलात. पर मॅडम, विरजण लावल्यावर कुणी घुसळत बसतं का? हलिवलं की मोडतंय. मी इचार केला, पोरगी शिकलेली हाय, पर घरी दही लावलेलं दिसत न्हाई. अप्पांसमोर तुमची कशाला फजिती? म्हणून मी गुपचूप बंद केलं. आन् थंडीत बिनपांघरुणाचं दही लागतंय व्हय?"

अप्पांनी डोळे उघडले. "मॅडम, गोधड्या आमच्या घरच्या हायत. धुतलेल्या."

मी एक गोधडी उचलून ताडपत्रीचं टोक वर केलं. आतून जो वास आला, तो मी चहाच्या वेळी सांगत नाही. सडकी अंडी म्हणजे त्याच्यापुढं अत्तर. पाणी काळंकुट्ट. मी तिथंच कट्ट्यावर बसले आणि भोकाड पसरलं. खोटं कशाला सांगू? नाक पुसायचंही भान नव्हतं. साहेब गुरुवारी यायचे, जिवाणू मेलेले, कामगार दाराशी, आणि चूक कुणाची म्हणायची? मैनाबाईंची म्हणायला मन धजेना. त्यांनी तर मी सांगितलेलं विरजणच नीट लावलं होतं, मी लावलं असतं त्याच्यापेक्षा नीट.

अप्पांनी मला तांब्यातून पाणी दिलं. "मॅडम, नासलं असंल तर दुसरं विरजण आणू. कामून परेशान व्हायलात?"

त्या माणसाला अजून वाटत होतं की दहीच नासलंय. पण उपाय बरोबर होता. मशीन पुन्हा सुरू करायला सांगून मी आणि रफीकभाई टँकर घेऊन सोनपेठला निघालो.

जिंतूरहून सोनपेठ म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडायचा. त्यात उसाचा हंगाम. परभणीच्या पुढं ट्रॅक्टर एकामागं एक, दोन-दोन ट्रॉल्या लावून, रस्त्याच्या मधोमध डुलत चाललेले. एकाची ट्रॉली कलंडली आणि सगळा रस्ता उसानं भरला. रफीकभाईंनी टँकर बंद केला, एक ऊस सोलून मला दिला आणि म्हणाले, "खाओ मॅडम. घाई करून कुटं जायलाव आपण?"

आम्ही अक्कांच्या दारात पोचलो तेव्हा दिवे लागलेले. अक्का देवापुढं दिवा लावून, डोक्यावरचा पदर सारखा करत नुकत्याच ओसरीवर आल्या होत्या. मी नमस्कार केला आणि एका दमात सांगितलं, पहिला गाळ गेला, दुसरा पाहिजे, आत्ताच्या आत्ता.

"बसा," अक्का म्हणाल्या. "भाकर खाऊन घ्या. सकाळी नेता येईल."

"अक्का, आत्ताच पाहिजे हो. गुरुवारी साहेब यायलेत."

"दिवेलागणीला विरजण देतेत का कुणाला बाहेर? तुमच्या आईनं सांगितलं न्हाई?"

मी म्हणलं, "अक्का, ते विरजण नाही. ते जिवाणू आहेत. गाळ आहे तो, गाळ."

"आन् फोनवर काय म्हणलात?"

"ते तुम्हाला समजावं म्हणून म्हणलं."

"मंग समजलं की मला," अक्का म्हणाल्या. "लक्षुमीच्या येळेला घरातलं विरजण मी भायेर देणार न्हाई."

मी विज्ञान काढलं. जिवाणूंना दिवस-रात्र कळत नाही, हे सांगितलं. अक्का म्हणाल्या, त्यांना न्हाई कळत, मला कळतंय. मी रफीकभाईंकडं आशेनं बघितलं, निदान हा तरी आपल्या बाजूनं बोलेल म्हणून. रफीकभाई चप्पल काढत म्हणाले, "अक्काची बात सही हाय मॅडम. आमची अम्मी बी मगरिबच्या बाद दही देत न्हाई कुणाला."

झालं. मी ओसरीवर बसले.

"पर पहिलं गेलं कशानं?" अक्कांनी विचारलं. "चांगलं मुरलेलं दिलं होतं मी."

सांगावं लागलं. मशीन बंद, ताडपत्री, गोधड्या, घोंगडी, विटा, सगळं. अक्का आधी गंभीरपणे ऐकत होत्या. अप्पांच्या धुतलेल्या गोधड्यांपाशी आल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला. मग खांबाला धरलं. मग आतल्या सुनेला हाक मारून, तिला बसवून, मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं.

हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "त्या बाईचा काई कसूर न्हाई. तुमचीच गडबड दिसायलीय. तुमाला तरी दही लावता येतं का?"

"येतं की," मी म्हणलं. आमच्याकडं पाकिटातलं येतं, पण हे काय सांगायची वेळ होती का?

"मंग लावा बरं. सून दूध तापवायलीच हाय. सकाळी लागलेलं दिसलं तर टँकर भरा. न्हाई तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवायला सांगते अप्पाला."

आता बघा माझी दशा. तिकडं जिंतुरात एवढा मोठा कारखाना कुलूप लावून बसलेला, आणि त्याचं नशीब सोनपेठच्या एका पातेल्यात. मी पदर खोचला. दूध चुलीवरनं उतरवलं. थंडीत दही लागायला ऊब पाहिजे, एवढं मला आता पक्कं ठाऊक झालं होतं. म्हणलं, जितकी जास्त ऊब तितकं चांगलं, आणि वाफा निघणाऱ्या दुधातच विरजण कालवलं. अक्का शेजारी उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. मी पातेलं झाकलं, त्यावर माझी स्वतःची शाल पांघरली आणि हात जोडले. टाकीपुढं मी कधी हात जोडले नव्हते.

सकाळी अक्कांनी माझ्यादेखत झाकण काढलं. वर पाणी, खाली गुठळ्या. सुनेनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

"जित्तं हाय म्हणून तुमीच सांगता," अक्का म्हणाल्या, "आन् जित्त्याला उकळत्यात टाकता?"

मी म्हणलं, "अक्का, चुकलं. पण पाणी पास झालं नाही तर अप्पा जागा विकतील. माणसं दारात येऊन परत जातात हो रोज." मला स्वतःचाच राग आला, कारण दोन दिवसांत मी दुसऱ्यांदा रडायच्या बेतात होते.

अक्कांनी गड्याला हाक मारली. टँकर भरायला सांगितला. आणि माझ्याच फोनवरून मैनाबाईंना फोन लावायला लावला. "बाई, विरजण पाठवायले. मॅडमच्या नावानं न्हाई, तुज्या नावानं देयले. कसं घालायचं ते मॅडम सांगतील. ऐक सगळं, पर भांड्याकुंड्याचं काई बोलल्या तर ऐकू नकोस."

परतीच्या वाटेवर रफीकभाईंनीही तेच बजावलं. "मॅडम, टाकीची बात टाकीपाशी. किचनमदी जायचं न्हाई. वादा?"

मी वादा केला. जिंतुरात गाळ टाकीत पडत असताना मैनाबाईंना समजावायला बसले. दही नाही, दूध नाही, कुकर नाही. तुम्हाला सांगते, मला बोलताच येईना. जिभेवर सारखं भजी, पीठ, फोडणी येत होतं, आणि मी गिळत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मैनाबाई, हे जिवंत आहेत. श्वास घेतात. यांना सारखी हवा लागते."

"म्हंजी जितराबच की," मैनाबाई म्हणाल्या. "बंद खोलीत कोंडलं तर गुदमरतंय. हे आधी कामून न्हाई सांगितलं?"



मंगळवार गेला, बुधवार गेला. मशीन सारखं घरघरत होतं आणि मैनाबाई त्याच्याजवळून हलत नव्हत्या. वास हळूहळू कमी झाला. काळं पाणी तपकिरी झालं. बुधवारी संध्याकाळी मी काचेच्या बरणीत पाणी काढून ठेवलं, गाळ खाली बसला आणि वरचं पाणी बघून मी ओरडलेच. लाल नाही, गुलाबी नाही, नुसतं फिकट. कोऱ्या चहात पाणी वाढवत गेलं की होतं तसं. मी लगेच अक्कांना फोन केला, म्हणलं अक्का, तुमच्या विरजणात जादू हाय. अक्का म्हणाल्या, दिवेलागणीचं दिलेलं न्हाई ते, सकाळचं हाय, म्हणून.

गुरुवारी साहेब आले. आता तुमचा जीव टांगणीला नको म्हणून निकाल आधीच सांगून टाकते. पाणी तपासायला गेलं आणि पास होऊन आलं, अप्पांनी जागा विकली नाही, कुलूप निघालं, आणि त्या सकाळी कामगार दारापर्यंत आले ते परत न जाता आत आले. त्या दिवशी मी कुणाच्याही नजरेला नजर देऊ शकत होते. म्हणजे गुरुवारची गोष्ट सोडली तर.

गुरुवारी काय झालं? साहेब तरुण, चष्मेवाले, कमी बोलणारे. बाटलीत पाणी भरलं, उजेडात धरलं, हलवलं, परत धरलं. अप्पा 'शिव शिव' करत हात जोडून उभे. मैनाबाई मशीनला टेकून.

"लाल रंग होता ना?" साहेबांनी विचारलं.

"लालभडक," अप्पा म्हणाले.

"कधी गेला हा रंग? गाळ आणल्यावर?"

मी 'हो' म्हणणार तेवढ्यात मैनाबाई म्हणाल्या, "न्हाई साहेब. सोमवारी गोधड्या काढल्या तवाच लाल न्हवतं. काळं होतं, पर लाल न्हवतं."

"गोधड्या?"

मग साहेबांना ताडपत्रीपासून सगळं ऐकायला मिळालं. मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. पण साहेब हसले नाहीत. उलट चष्मा काढून टाकीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हे भारीच झालं. या जातीचा रंग हवेत लवकर तुटतच नाही. बिनहवेचे जिवाणू असतात, ते आधी त्याचे तुकडे करतात. मग हवेवाले येऊन ते तुकडे खातात. लोक यासाठी आधी एक वेगळी बंद टाकी बांधतात. तुम्ही एकाच टाकीत, ताडपत्री टाकून केलंत."

म्हणजे नुसतं मशीन चालू ठेवलं असतं, माझ्या पुस्तकाप्रमाणं, तर गुरुवारी साहेबांच्या बाटलीत लाल पाणी असतं. हे माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. पण त्याच्या पुढचं मात्र लगेच शिरलं. साहेब कौतुकानं माझ्याकडं बघायलेत, हे.

"मॅडम, आधी हवा बंद आणि मग हवा सुरू, हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

आता तुम्हीच सांगा. चार दिवस सोनपेठपासून जिंतुरापर्यंत माझी शोभा झालेली. दह्यापायी, गोधड्यांपायी, पातेल्यापायी. आणि समोर एक शिकलेला माणूस विचारतोय, मुद्दाम केलंत का? मी पदर सारखा केला. घसा साफ केला.

"हो सर," मी म्हणाले. "अभ्यास करूनच ठरवलं होतं. म्हणलं आधी झाकून ठेवावं, मग हवा द्यावी."

"मुद्दाम?" अप्पा एकदम म्हणाले. त्या माणसाच्या तोंडून खोटं निघत नाही आणि दुसऱ्याचं ऐकवतही नाही. "शिव शिव. मॅडम, असं कसं? साहेब, सोमवारी ह्या हितंच, ह्याच कट्ट्यावर बसून ढसाढसा रडायलत्या. मीच पाणी दिलं ह्यांना."

साहेबांनी चष्मा परत लावला आणि माझ्याकडं बघितलं. मी टाकीकडं बघितलं. मशीनची घरघर मला त्या दिवशी फारच हळू वाटली. तेवढ्यात मैनाबाई पुढं आल्या. माझी फजिती त्या माउलीला आजवर कधी बघवली नव्हती, तेव्हाही बघवली नाही.

"तसं न्हाई अप्पा," मैनाबाई म्हणाल्या. "मॅडम मुद्दामच रडायलत्या."